आ कर, बाळा : गोवंडीतली टिपणे

गोवंडीहून हार्बरची गाडी पकडली की सीएसएमटी हे तेरावे स्टेशन. तिथे उतरून सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात गेले की शासकीय दंत महाविद्यालय. महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय १९३३ पासूनचे, पण ते मुंबई सेंट्रलला. तिथे जायचे तर कुर्ल्याला उतरा, पूल चढा, दादरला पुन्हा पूल चढा, पश्चिम रेल्वेची गाडी धरा. दातांचे मोठे उपचार कमी पैशांत हवे असतील तर गोवंडीकरांना बहुधा या दोन नावांपैकी एक सांगितले जाते. सेरेब्रल पाल्सी असलेले नऊ-दहा वर्षांचे मूल कडेवर मावत नाही, खुर्चीतून घसरते, गर्दीच्या आवाजाने घाबरून ताठ होते. दिव्यांगांच्या डब्यात जागा मिळाली तरी चढणे-उतरणे आहेच. आईचा दिवस जातो, बापाची हजेरी बुडते. म्हणून दाताचे दुखणे पुढे ढकलले जाते, आणि गाल सुजेपर्यंत ढकलले जाते.

या टिपणांत घरी काय करता येईल आणि मुलाला नेहमी पाहणाऱ्या डॉक्टरांना काय करता येईल यावर जास्त भर आहे. त्याचे कारण हे अंतर.

*

गोवंडी-मानखुर्द म्हणजे महापालिकेचा एम पूर्व विभाग. २०११ च्या जनगणनेत इथली वस्ती ८ लाखांवर होती. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात या विभागाचा निर्देशांक ०.०५ होता, शहरातला सर्वांत खालचा. देवनारचे डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून इथे आहे. शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीकनगर या वस्त्या त्याच्याच कडेने वाढल्या. क्षयरोग, दमा, रक्तक्षय, कमी वजनाची बाळे हे इथल्या आरोग्यसेविकेच्या वहीतले रोजचे शब्द. अशा ठिकाणी दातांचे कोण विचारणार, असे लोक म्हणतात. मला उलटे वाटते. ज्या मुलाला आधीच फिट्स आहेत, हृदयाला भोक आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, त्या मुलाची एक किडलेली दाढ इतर मुलांच्या दाढेपेक्षा जास्त महाग पडते. पैशाने पडते, आणि कधी कधी जिवावरही बेतते.

*

सरबतासारखी औषधे. फिट्सवरचे, खोकल्यावरचे, लोहाचे, तापाचे. लहान मुलांनी घ्यावीत म्हणून बऱ्याच सिरपमध्ये साखर असते. चार दिवसांच्या तापासाठी हे चालून जाते. पण फिट्सचे सिरप वर्षानुवर्षे, दिवसातून दोन-तीन वेळा जाते, आणि शेवटचा डोस रात्री झोपताना. झोपेत लाळ कमी होते. लाळेचे कामच आम्ल धुऊन काढण्याचे. ती नसली की गोड थर रात्रभर दातांवर बसून राहतो. ज्या मुलाला जीभ नीट फिरवता येत नाही, त्याच्या गालाच्या खोबणीत तर तो सकाळपर्यंत तसाच असतो.

उपाय साधा आहे. डोसनंतर दोन घोट पाणी. गिळताना ठसका लागत असेल तर ओल्या मऊ फडक्याने दात आणि हिरड्या पुसून घ्यायच्या. रात्रीचा डोस आधी, ब्रश नंतर. साखर नसलेले सिरप मिळते का, किंवा मूल गोळी घेऊ शकते का, हे डॉक्टरांना विचारायचे. आईने हे विचारायला हवे हे खरे, पण चिठ्ठी लिहिणाऱ्याने ते आधी सांगायला हवे. चिठ्ठीवर ‘जेवणानंतर’ लिहितात, तसे ‘औषधानंतर पाणी’ लिहायला दोन शब्द पुरतात.

*

फेनिटॉइन हे फिट्सचे जुने आणि स्वस्त औषध. ते घेणाऱ्या अंदाजे निम्म्या रुग्णांच्या हिरड्या वाढतात. पहिल्या काही महिन्यांत दोन दातांमधली हिरडी फुगू लागते आणि पुढे पुढे दात झाकून टाकते. घरच्यांना वाटते मुलाचे दात आलेच नाहीत, किंवा ‘आत गेले’. फुगलेल्या हिरडीखाली अन्न अडकते, ब्रश पोचत नाही, रक्त येते. रक्त येते म्हणून घरचे ब्रश थांबवतात, आणि हिरडी आणखी फुगते. तोंड पहिल्यापासून स्वच्छ राहिले तर ही वाढ कमी होते.

सर्वांत घातक गोष्ट म्हणजे हिरडी बघून घरच्यांनी आपल्या मनाने औषध बंद करणे. फिट्सचे औषध अचानक तोडले तर न थांबणारी फिट येऊ शकते. औषध बदलायचे की नाही ते मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी ठरवायचे. पण त्यासाठी त्यांनी हिरड्या पाहिलेल्या असायला हव्यात.

*

फिट आली की दातखीळ बसते म्हणून तोंडात चमचा घालतात. चप्पल हुंगवतात, कांदा फोडतात. चमच्याने पुढचे दात तुटतात, तुटलेला तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि घालणाऱ्याचे बोटही चावले जाते. फिटमध्ये कोणी जीभ गिळत नाही. मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ ठेवा, आजूबाजूचे टोकदार सामान दूर करा, घड्याळ पाहा. फिट पाच मिनिटांहून जास्त चालली तर रुग्णालय गाठा. तोंडात काहीही घालायचे नाही. पाणीसुद्धा नाही.

वस्तीतल्या ज्या मुलांना फिट्स येतात, त्यांचे पुढचे दात जरा बघा. तुटलेल्या कडा पुष्कळ ठिकाणी दिसतील.

*

बैंगनवाडीतल्या एका आईचे बोलणे: “हा कानावरच मारून घेतो हो ताई. आधी नव्हता मारत. सगळे म्हणतात, याचं वाढलंय.” मुलगा आठ वर्षांचा, स्वमग्न, बोलत नाही. कान तपासला होता, कानात काही नव्हते. खालची मागची दाढ मुळापर्यंत किडलेली होती.

हे पुन्हा पुन्हा घडते. बोलता न येणाऱ्या मुलाला दात दुखतो तेव्हा तो वागण्यातून सांगतो. आवडीचा घास नाकारतो. एकाच बाजूने चावतो. गार पाणी तोंडात घेऊन थुंकतो. रात्री उठून रडतो. डोके भिंतीवर आपटतो, हात चावतो, लाळ जास्त गाळतो. आणि आपण म्हणतो, अपंगत्व वाढले, जिद्दी झाला, औषधाचा डोस वाढवा. मन शांत करणारी गोळी सुरू होते आणि दाढ तशीच राहते. डॉक्टर, थेरपिस्ट, शाळेतल्या बाई, घरचे, सगळ्यांना माझे एकच सांगणे आहे: वागणे अचानक बदलले तर आधी तोंड, कान आणि पोट बघा. बाकीचे त्यानंतर.

*

‘दूध का दाँत है, गिर जाएगा.’ शिवाजीनगरमध्ये हे हिंदीत ऐकू येते, मानखुर्दला मराठीत. पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात हे खरे. पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. चौथ्या वर्षी किडलेली दाढ पडण्याची वाट पाहायची म्हणजे मुलाने सहा-सात वर्षे दुखण्यात काढायची.

दुसरी एक गोष्ट फारच थोड्या घरांत माहीत असते. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्या दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कोणताही दात पडत नाही, म्हणून तीही दुधाचीच समजली जाते. ती कायमची असते. किडते तीच सर्वांत आधी, कारण ती कोणी घासतच नाही.

डाउन सिंड्रोमच्या मुलांत हे वेळापत्रक मागे सरकते. पहिला दात वर्षानंतर, कधी दुसऱ्या वर्षी येतो. काही दात जन्मतःच नसतात. या मुलांत कीड त्या मानाने कमी दिसते, पण हिरड्यांचा आजार लवकर आणि जोरात येतो. जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो, म्हणून हिरडीतून रक्तात जाणारे जंतू हा त्यांच्यासाठी वेगळाच विषय आहे.

*

गळ्याला गाठ. गोवंडीत मुलाच्या मानेत गाठ आली की दोन शंका मनात यायला हव्यात: क्षयरोग आणि दात. या विभागात क्षयरोग एवढा आहे की ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगासाठी इथे दवाखाना चालवला आणि गोवंडीच्याच शताब्दी रुग्णालयातही काम केले. त्यामुळे गाठ दिसली की सगळ्यांचे लक्ष टीबीकडे जाते, आणि ते बरोबरच आहे. पण जबड्याखालची दुखरी गाठ, तिच्याच बाजूला किडलेली दाढ, दाढेच्या मुळाशी हिरडीवर पुळी, असे असेल तर दाताचा विचारही त्याच वेळी व्हावा. उलटही घडते. दाताची गाठ समजून महिनाभर अँटिबायोटिक चालू राहते आणि टीबी तसाच वाढतो. दोन्ही तपासण्या एकाच आठवड्यात झाल्या तर मुलाचे दोन महिने वाचतात.

*

हृदय. दाटीवाटीच्या घरांत घसादुखीचे जंतू एकमेकांना लागतात आणि त्यातल्या काही मुलांना पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होतात. अशा मुलांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन असते. किडलेला दात किंवा सुजलेली हिरडी यांतून जंतू रक्तात शिरतात आणि खराब झडपेवर बसू शकतात. तो आजार जिवाशी खेळणारा असतो. कोणत्या मुलाला दात काढण्याआधी प्रतिजैविक द्यायचे, हे हृदयाच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून द्यायला हवे. २००७ पासून अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांनी ही यादी बरीच छोटी केली आहे. ती आता मुख्यतः कृत्रिम झडप, आधी झालेला झडपेचा जंतुसंसर्ग आणि काही जन्मजात दोष यांच्यापुरती आहे. पेनिसिलिनची इंजेक्शने चालू असलेल्या मुलाला दाताच्या वेळी दुसऱ्या गटातले औषध लागते, हे दंतवैद्याला सांगायचे राहून जाते. म्हणून इंजेक्शनचे कार्ड फाइलमध्ये ठेवा आणि फाइल दंतवैद्याच्या हातात द्या.

आणि हेही खरे की दात काढण्याच्या एका दिवसापेक्षा रोज रक्त येणाऱ्या हिरड्या या हृदयाला जास्त वेळा त्रास देतात.

*

रक्ताचे आजार. हिमोफिलियाच्या मुलाचा हलणारा दुधाचा दात दोऱ्याने ओढायचा नाही. तो आपोआप पडू द्यायचा. काढावाच लागला तर आधी रक्त गोठवणारा फॅक्टर, नंतर गुठळी टिकवणारे ट्रॅनेक्झॅमिक आम्ल. खालच्या जबड्यात बधिर करण्याचे खोल इंजेक्शन फॅक्टरशिवाय दिले तर आत रक्त साचून श्वास कोंडू शकतो. म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात ‘पटकन काढून टाकू’ हे या मुलांसाठी नाही. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनही नाही. दुखले तर पॅरासिटामॉल.

थॅलेसेमियाच्या मुलांना रक्त पुरेसे मिळत नसेल तर वरचा जबडा पुढे येतो, दातांत फटी पडतात. दातांचे काम रक्त चढवल्यानंतरच्या दिवसांत धरावे. डेफेरिप्रोन हे लोह काढणारे औषध चालू असताना तोंडात फोड आले आणि ताप असेल, तर जेल लावून घरी बसायचे नाही. त्याच दिवशी रक्ताची तपासणी करायची, कारण पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या कमी झालेल्या असू शकतात. आपल्याकडचे बरेच पालक रक्तासाठी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात जातात. त्याच फेरीत दात दाखवून घेता येतील अशी व्यवस्था मागायला हवी.

कर्करोगाची केमोथेरपी सुरू होण्याआधी तोंड एकदा तपासून घ्यावे, किडलेले दात आधीच निस्तरावेत. केमो चालू झाल्यावर तोंड सोलवटते, रक्तातल्या पेशी कमी होतात, आणि मग दाताला हात लावणे अवघड होते. ल्युकेमियाची पहिली खूण कधी कधी हिरडीतून येणारे रक्त हीच असते.

*

ब्रश कसा करायचा, हे कोणी दाखवतच नाही. सांगतात फक्त ‘घासा’.

मुलाचे डोके आपल्या मांडीवर, आपण मागे. मूल जमिनीवर चटईवर, आई भिंतीला टेकून. मान मागे फार वाकू द्यायची नाही, नाहीतर लाळ घशात जाते. गिळण्याचा त्रास असेल तर मुलाला जरा उभे बसवून, हनुवटी खाली ठेवून. एका हाताने ओठ उचलायचा, दुसऱ्या हाताने ब्रश. मूल तोंड घट्ट मिटत असेल तर जबरदस्ती करायची नाही. गालाच्या आत बोट सरकवून बाहेरची बाजू आधी घासायची. दातांच्या मध्ये बोट मात्र कधी घालायचे नाही. सेरेब्रल पाल्सीत जबडा अचानक मिटतो आणि मुलाला स्वतःला तो उघडता येत नाही. चार-पाच आइस्क्रीमच्या काड्या एकत्र करून त्यावर गॉज गुंडाळले की दाढांमध्ये धरायला टेकू तयार होतो. मूल स्वतः ब्रश धरू शकत असेल तर दांड्याला सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवा, पकड बसते. मग आईने परत एकदा घासायचे.

पेस्ट फ्लोराइडची, १००० पीपीएम किंवा त्याहून अधिक. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर दाखवतात ते विसरा.

गोवंडीत पाणी कमी दाबाने येते, ड्रम भरून ठेवावे लागतात. चूळ भरायला पाणी नाही म्हणून ब्रश टळतो. तर ऐका: फ्लोराइडच्या पेस्टनंतर चूळ न भरणेच चांगले. फेस थुंका, बस्स. दातांवर राहिलेले फ्लोराइड काम करते. ज्याला थुंकता येत नाही त्याची जास्तीची पेस्ट फडक्याने पुसून घ्या.

*

मशेरी. गावाकडून आलेल्या घरांत अजून आहे, उत्तरेकडच्या घरांत गुल. दोन्हींत तंबाखू. दात दुखला की लहान मुलाच्या दाढेतही चिमूट भरतात, कारण थोडे बधिर होते. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे, तरी घरी भाजलेली मशेरी कोण थांबवणार? आजीबाईंना रागावून काही होत नाही. त्यांना हे सांगायचे की फिट्स आणि दम्याच्या मुलाच्या अंगात ही तंबाखू थेट जाते. आजी ऐकते. नातवासाठी ऐकतेच.

*

खाणे. जे मूल नीट चावू शकत नाही त्याला दिवसभर काय मिळते? चहात बुडवलेले बिस्किट, गोड दलिया, दूध-साखर, रात्री बाटली. वजन वाढत नाही म्हणून डॉक्टर सांगतात, थोडे थोडे सारखे द्या. दंतवैद्य सांगतो, सारखे देऊ नका. आई बिचारी मधे अडकते. माझ्या मते वजन आधी. पण थोडे थोडे द्यायचे ते गोड नको: मऊ खिचडी, दही, अंडे, कुस्करलेले केळे, शेंगदाण्याचे बारीक कूट घातलेला भात. बाटलीत रात्री फक्त पाणी. थेरपीच्या वर्गात शाबासकी म्हणून चॉकलेट देण्याची पद्धत मात्र आजच बंद व्हावी. स्टिकर द्या, टाळी द्या, फुगा द्या.

*

स्वमग्न मुलाला दंतवैद्याकडे नेताना पहिल्या भेटीत दाताचे काहीही करू नये. नुसते जाऊन यावे. खुर्ची बघावी. दुसऱ्या भेटीत खुर्चीत बसावे, दिवा लागावा. मग आरसा. मग मोजणे: एक, दोन, तीन. दहा मोजेपर्यंत हात थांबेल असे सांगितले तर दहा झाल्यावर हात खरोखरच थांबला पाहिजे. मुलाचा विश्वास या मोजण्यावर बसतो. दवाखान्याचे मोबाइलवर काढलेले फोटो घरी आठवडाभर रोज दाखवावेत. सकाळची पहिली वेळ मागावी, कारण वाट पाहणे हीच या मुलांना खरी शिक्षा आहे. असे दवाखाने गोवंडीत निघायला हवेत, आठवड्यातला एखादा दुपारचा वेळ तरी. खर्च फारसा नाही, धीर लागतो.

बधिर करून काम झाले तर नंतर दोन तास मुलाच्या ओठाकडे लक्ष ठेवा. ज्याला बधिरपणा कळत नाही तो आपलाच ओठ चावून रक्तबंबाळ करतो.

*

काळा दात. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे ३८ टक्क्यांचे द्रावण जपानमध्ये १९७० च्या सुमारास वापरात आले. किडीच्या खड्ड्यावर काडीने एक थेंब लावायचा. सुई नाही, यंत्र नाही. कीड थांबते, आणि किडलेला भाग कायमचा काळा होतो. सहा महिन्यांनी पुन्हा लावतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते घेतले, सोबत ग्लास आयोनोमर सिमेंटही. ज्या मुलाला खुर्चीत पाच मिनिटे बसवता येत नाही, ज्याला भूल देणे धोक्याचे, त्याच्यासाठी हे मोठे वरदान आहे. मुळापर्यंत गेलेल्या, पू झालेल्या दाताला ते चालत नाही.

पालक काळ्या रंगाला बिचकतात, विशेषतः मुलींच्या आया. लग्नाचा विषय पाचव्या वर्षी निघतो. त्यांना समजावून, विचारूनच लावावे. पण माझे मत विचाराल तर न दुखणारा काळा दात दुखणाऱ्या तपकिरी दातापेक्षा शतपट बरा.

*

पूर्ण भूल. काही मुलांना दुसरा मार्ग नसतो. सगळ्या किडलेल्या दातांचे काम एकाच दिवशी, ऑपरेशन थिएटरमध्ये. त्याआधी रक्त, छातीचा एक्स-रे, फिटनेस. हिमोग्लोबिन कमी निघते, तारीख पुढे. सर्दी-खोकला निघतो, तारीख पुढे. डम्पिंगच्या धुरात राहणाऱ्या मुलाला खोकला नसलेला आठवडा शोधायचा कुठून? म्हणून ज्या दिवशी भुलेचे ठरते त्याच दिवशी लोह आणि दम्याचे औषध नीट सुरू व्हावे, तारखेच्या आदल्या दिवशी नाही. उपाशी ठेवण्याबद्दलही आधी नीट समजून घ्यावे: घन अन्न सहा तास नाही, साधे पाणी दोन तासांपर्यंत चालते, आणि फिट्सचे सकाळचे औषध सहसा घोटभर पाण्याबरोबर द्यायचेच असते. हे न सांगितल्यामुळे औषध चुकते आणि थिएटरच्या दारातच फिट येते.

*

हक्काचे काय आहे? अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा २१ प्रकारची अपंगत्वे मानतो. त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेलही आहेत. त्याच्या २५ व्या कलमात सरकारी रुग्णालयांत अडथळ्याविना प्रवेश आणि तपासणी-उपचारात अग्रक्रम लिहिलेला आहे. म्हणजे रांगेत आधी घ्या असे म्हणणे ही विनंती नाही. यूडीआयडी हे अपंगत्वाचे ओळखपत्र दाखवा आणि शांतपणे म्हणा.

केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. वर्षाला १ लाखापर्यंत, आणि त्यात दातांच्या प्रतिबंधक उपचारांसाठी वेगळी रक्कम आहे. ती किती जण मागतात? मी ज्यांना विचारले त्यांतल्या बहुतेकांना ती असल्याचेच माहीत नव्हते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरला झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत दातांची कीड ही नोंदवायची बाब आहे. नोंद होते. पुढे चिठ्ठी मिळते. चिठ्ठी घेऊन मूल खुर्चीपर्यंत पोचले की नाही, हे कोणी पाहत नाही. नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत ‘आपला दवाखाना’ नावाचे महापालिकेचे दवाखाने सुरू झाले आणि त्यांच्या पॉलिक्लिनिकमध्ये दंतवैद्यही आहेत. तेरा स्टेशनांचे अंतर कमी करण्याची ही खरी जागा. तिथल्या दंतवैद्याला दिव्यांग मुलांचे थोडे जरी प्रशिक्षण मिळाले, दातांवर लावायचे फ्लोराइड वार्निश आणि काळ्या थेंबाची बाटली मिळाली, तर नायरला फक्त भुलेची मुले जातील.

*

मानखुर्दला चिल्ड्रन्स एड सोसायटीचे बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांचे बालगृह आहे. ही संस्था १९२७ ची. कुठल्याही निवासी संस्थेत गेले की मी न्हाणीघर बघते. ब्रश किती, त्यांवर नावे आहेत का, ते ओले आहेत का. रात्रीच्या पाळीत एका काळजीवाहूकडे किती मुले असतात, त्यावर त्या मुलांचे दात ठरतात. दंत शिबिरे भरतात, फोटो निघतात, पेस्टच्या ट्यूब वाटल्या जातात. त्याऐवजी काळजीवाहू ताईंना तासभर मांडीवर डोके घेऊन घासायला शिकवा आणि रात्री आणखी एक ताई नेमा.

*

बोस्टनचे दंतवैद्य स्टीव्हन पर्लमन यांनी १९९३ मध्ये स्पेशल ऑलिम्पिक्सबरोबर ‘स्पेशल स्माइल्स’ सुरू केले. बौद्धिक अपंगत्व असलेले खेळाडू मैदानावर येतातच, मग तिथेच त्यांचे तोंड तपासावे, हा विचार. मला त्यातले हेच पटते: मूल जिथे येतेच आहे तिथे दात पाहा. आपली मुले कुठे येतात? फिट्सच्या ओपीडीत, रक्त चढवायच्या खोलीत, टीबीच्या औषधांच्या खिडकीवर, फिजिओथेरपीला, अंगणवाडीत. तिथल्या कोणाकडेही बॅटरी आणि अर्धे मिनिट असले तर पुरते. यासाठी दंतवैद्य व्हावे लागत नाही.

*

घरात असे मूल असेल तर आज रात्री झोपण्याआधी मोबाइलचा टॉर्च लावा आणि त्याचा वरचा ओठ हलकेच उचला. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात आहे. रोज दोनदा फ्लोराइडची पेस्ट आणि दवाखान्यात लावलेले वार्निश यांनी ती अजून थांबते. तपकिरी खड्डा, हिरडीवर पुळी किंवा गालावर सूज दिसली तर पुढच्या तारखेची, सणाची, शाळेच्या सुट्टीची वाट पाहू नका. फाइल आणि औषधांची चिठ्ठी बरोबर घ्या आणि उद्या सकाळीच दाखवा.